शिरेतल्या जेवणाचा भाव

असं समजा, एका माणसाला तुम्हाला जेवू घालायचंय. तोंडातून घालता येत नाही, पोटातूनही नाही, कारण त्याचं बरंचसं आतडं कापून टाकलंय आणि उरलेलं अजून काम करायला तयार नाही. एकच वाट आहे, गळ्याखालच्या मोठ्या शिरेत सरकवलेली बारीक नळी. त्या नळीतून दिवसभराचं जेवण थेंबाथेंबानं रक्तात सोडायचं. भाकरीच्या जागी साखर, डाळीच्या जागी अमिनो आम्लं, तेलातुपाच्या जागी दुधासारखी दिसणारी चरबी, मग क्षार, मग चिमूटभर जस्त, तांबं आणि जीवनसत्त्वं. आत एखादा जंतू गेला तर तोही थेट रक्तात. कॅल्शियम आणि फॉस्फेट चुकीच्या क्रमानं एकत्र आले तर पिशवीत खडूसारखा साका धरतो, आणि तो फुफ्फुसात जाऊन अडकतो.

हे झालं डॉक्टरांचं आणि फार्मासिस्टचं काम. आता तुमचं. तुम्ही हॉस्पिटलचे पर्चेस ऑफिसर आहात. टेबलावर दोन कागद आहेत. ही पिशवी इथंच बनवली तर कितीला पडते, ते एकावर लिहिलंय. कंपनीतून तयार आणली तर कितीला, ते दुसऱ्यावर. वर्षभरात असे पेशंट किती येतील ते कुणालाच ठाऊक नाही. एखाद्या महिन्यात एकही नाही, एखाद्या महिन्यात तिघे एकदम. सही कुठल्या कागदावर कराल?

धनेशनं दुसऱ्या कागदावर केली. त्याच्या खुर्चीत बसलेल्या बहुतेकांनी तीच केली असती.

धनेश मूळचा लातूरकडचा, औशाजवळच्या एका गावातला. डिप्लोमा करून तो चाकणच्या बाजूला आला आणि महाळुंग्याच्या हद्दीतल्या एका प्रेसशॉपमध्ये कॉस्टिंगला लागला. तिथं गाडीच्या सीटखाली बसणारे पत्र्याचे ब्रॅकेट ठोकून निघत. एका ब्रॅकेटला पत्रा किती, वीज किती, माणसाचा वेळ किती, वाया किती, हे पैशापर्यंत काढायचं, हे त्याचं काम. ते त्याला मनापासून आवडायचं. गावाकडं कुठल्याच गोष्टीचा नीट हिशोब लागत नाही, इथं लागतो, असं तो घरी फोनवर सांगायचा.

वर्षातून एकदा प्रेसशॉपचे मालक मालोजीशेठ त्याला बरोबर घेऊन गाडीवाल्या कंपनीत जात. तिथला पर्चेसवाला फार गोड बोलायचा. चहा मागवायचा, मुलांची चौकशी करायचा आणि मग सहज विचारावं तसं विचारायचा, "मग शेठ, यंदा किती टक्के?" म्हणजे यंदा भाव किती कमी करताय. महागाई वाढो, पत्रा वाढो, ब्रॅकेटचा भाव दरवर्षी खालीच जायचा. त्याला कॉस्ट डाउन म्हणायचे. शेठ आधी नाही म्हणत, मग परवडत नाही म्हणत, मग देत. एकदा बाहेर आल्यावर शेठ गाडीत बसले आणि बराच वेळ त्यांनी चावीच फिरवली नाही.

"शेठ, एकदा सरळ नाही म्हणून बघा ना," धनेश म्हणाला.

"आणि ब्रॅकेट ठोकायची डाय, तो साचा, काय घरी शोकेसमध्ये ठेवू? आपला ब्रॅकेट दुसऱ्या कुठल्या गाडीला बसतो, सांग बरं."

पण धनेशच्या डोक्यात राहिला तो गोड बोलणारा पर्चेसवाला. दरवर्षी विचारायचं, समोरचा रडतो, आणि देतो. शेठनी सांगितलेलं कारण मात्र त्या दिवशी त्याच्या कानावरून गेलं.

त्या काळात तो महाळुंग्यात कोंडाजींच्या चाळीतल्या एका खोलीत राहायचा. कोंडाजी तिथले जुने. जमीन वडलांच्या वेळीच एमआयडीसीत गेली होती, त्या पैशातून खोल्या उठल्या होत्या आणि कोंडाजी स्वतः कंपनीची बस चालवत. भाडेकरूंची नावं ते लक्षात ठेवत नसत, ज्याला त्याला त्याच्या गावानं हाक मारत. बुलढाणा, जळगाव, लातूरकर.

"लातूरकर, नळ बंद कर की रं! हितं पानी हाय म्हनून समदं आजच पिऊन घेतो का काय?"

त्यांची बायको रंभा त्यावर आतून ओरडायची, "पोराला आंघूळ तरी करू द्या!" आणि सणावाराला ताट झाकून त्याच्या खोलीत पाठवायची. धनेश तिला काकू म्हणायचा. लग्न होऊन आकुर्डीला फ्लॅट घेतल्यावरही दिवाळीत तो महाळुंग्याला एक चक्कर मारायचा.

प्रेसशॉपमधली माणसं कमी झाली तेव्हा त्यात धनेशही गेला. त्याला नोकरी मिळाली ती आकुर्डीतल्या एका खासगी हॉस्पिटलात. ते धड लहान नव्हतं, धड मोठंही नव्हतं. हॉस्पिटल चालवणारे मोठे डॉक्टर मुलाखतीत म्हणाले, "आम्हाला कंपनीची शिस्त पाहिजे. इथं सगळं अंदाजपंचे चाललंय." धनेशला ही जागा आपल्याचसाठी राखून ठेवल्यासारखी वाटली. इतकी वर्षं तो टेबलाच्या विकणाऱ्या बाजूला बसला होता. आता घेणाऱ्या बाजूला खुर्ची मिळाली.

हातमोजे, सुया, टाके घालायचे दोरे, सगळ्यांचे भाव त्यानं खाली आणले. मग त्याची नजर मिक्सिंग रूमवर पडली. तिथं निशिगंधा नावाची फार्मासिस्ट ती शिरेतल्या जेवणाची पिशवी बनवायची. त्या पिशवीला हॉस्पिटलात सगळे टीपीएन म्हणत. खोलीत गाळलेली हवा वाहणारं काचेचं कपाट, पायापासून डोक्यापर्यंत झाकणारे गाऊन, ठरावीक दिवसांनी फिल्टरची तपासणी, जंतू वाढतात का ते पाहायच्या थाळ्या, आणि निशिगंधासोबत आणखी एक फार्मासिस्ट. पिशवीत जाणारा माल स्वस्त होता. महाग होती ती खोली, आणि ती पेशंट असो नसो, रोज तेवढीच महाग होती.

हॉस्पिटलला जाच दुसराही होता. बऱ्याच विम्यांत ऑपरेशनचा आकडा आधीच ठरलेला असे. नंतर पेशंटला पिशवी आठवडाभर लागो की दोन महिने, आकडा हलत नसे. पिशवीचा प्रत्येक जादा दिवस हॉस्पिटलच्या खिशातून जायचा.

बैठकीत धनेशनं हिशोब मांडला. तयार पिशवी महाग, पण लागेल तेव्हाच पैसे. तीन कप्प्यांची, बाहेरून दाब दिला की आतले पडदे फुटून सगळं मिसळतं. फक्त जीवनसत्त्वं वरून टाकायची. खोली लागत नाही, गाऊन लागत नाही.

निशिगंधा चिडली होती. "तुम्ही खोलीचा सगळा खर्च बॅगांवर वाटलात. ज्या महिन्यात चार बॅगा झाल्या, त्या महिन्यात एकेक बॅग सोन्याची दिसणारच."

"दिसणार म्हणजे? पडतेच ना तेवढ्याला."

"मग आग विझवायच्या नळकांड्यांचाही असाच हिशोब मांडा. वर्षात किती आगी लागल्या आणि एक आग विझवायला केवढ्याला पडली."

"मॅडम, नळकांड्याला पगार लागत नाही."

सगळे हसले. निशिगंधाही कसनुसं हसली. खोली बंद झाली. काचेचं कपाट एका फार्मसी कॉलेजला विकलं गेलं आणि त्या जागी विम्याची कागदपत्रं बघणाऱ्यांचं काउंटर आलं. निशिगंधा खालच्या मेडिकलमध्ये गोळ्या द्यायला बसली. येता-जाता ती धनेशला पूर्वीसारखंच "नमस्कार सर" म्हणायची, त्यात काही वावगं नसायचं, तरी तो पायऱ्या उतरताना दुसऱ्या जिन्यानं जाऊ लागला.

तयार पिशव्या भोसरीतल्या एका एजन्सीकडून येत. तिथला शेखर हा धनेशच्याच वयाचा, बोलका माणूस. पहिल्या वर्षी भाव ठरला. वर्ष संपताना धनेशनं त्याला बोलावलं, चहा मागवला, मुलीच्या शाळेची चौकशी केली आणि विचारलं, "मग शेखर, यंदा किती टक्के?"

"कसले टक्के, भाऊ?"

"कमी किती करतोयस?"

"औषधात असं नसतं हो!"

"सगळीकडे असतं. बघ तू."

शेखर परवडत नाही म्हणाला. मग दिले. पुढच्या वर्षीही दिले, त्याच्या पुढच्या वर्षीही. वर धनेशनं कंपनीतली दुसरी शिस्त आणली. लाइनवर गाडी पुढं सरकते तसा ब्रॅकेट दारात येतो, गोदामात पडून राहत नाही. तशीच पिशवी. कपाटात उद्या-परवाच्या पुरती ठेवायची, बाकी एजन्सीच्या गोदामात, एजन्सीच्या पैशावर. मुदत संपून फेकून द्यायच्या पिशव्या बंद झाल्या. वार्षिक बैठकीत मोठ्या डॉक्टरांनी त्याचं नाव घेऊन कौतुक केलं. घरी त्यानं बायकोला, वर्षालीला सांगितलं, "आपण जे प्रेसशॉपात भोगलं ना, ते शिक्षण वाया नाही गेलं."

कोंडाजींच्या पोटात दुखायला लागलं ते गॅस म्हणून दोन दिवस ओव्यावर गेलं. तिसऱ्या दिवशी बसच्या पायरीवरच ते वाकडे झाले. आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. महाळुंग्याच्या लोकांनी पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायला गाडी काढली होती. पण आपल्याकडे दवाखाना निवडताना आधी ओळख बघतात. आत आपला कुणी असला की बिलात सूट मिळते, डॉक्टर दोन मिनिटं जास्त थांबतात, असा सगळ्यांचा विश्वास. रंभानं गाडी आकुर्डीकडं वळवायला लावली. "तिथं आपला लातूरकर हाय," ती म्हणाली.

धनेश धावत खाली आला. ओळख खरोखर कामी आली. कागद भराभर झाले, सर्जन डॉ. विजयश्री घरून निघून आल्या आणि पोट उघडलं. आतडं काळं पडलं होतं. मोठा तुकडा काढावा लागला. चांगल्या भागाचं टोक पोटावर बाहेर काढून ठेवलं.

"उरलेलं आतडं थोडं आहे, पण आहे," विजयश्रीबाईंनी रंभाला समजावलं. "त्याला शिकायला वेळ द्यावा लागेल. तोपर्यंत सगळं जेवण शिरेतून. वजन धरलं, जखम भरली की दुसरं ऑपरेशन करून जोडून टाकू. मग हळूहळू तोंडानं."

"किती दिस?"

"महिने धरा."

बसच्या कंत्राटदारानं उतरवलेला कोंडाजींचा विमा तसल्या ठरल्या आकड्याचा नव्हता, त्याची रक्कम पहिल्या ऑपरेशनात आणि आयसीयूत संपली. पुढचं बिल रंभाच्या माथ्यावर येणार होतं. धनेश मोठ्या डॉक्टरांकडे गेला आणि पिशवी छापील किमतीला न लावता खरेदीच्या भावानं लावायची परवानगी घेऊन आला. दोन्ही भावांत बराच फरक होता, आणि तो फरक त्यानंच, वर्षावर्षानं शेखरकडून काढला होता. आपण कुणासाठी घासाघीस केली, हे आज कळलं, असं त्याला वाटलं. त्या दिवशी तो मेडिकलच्या समोरून गेला. निशिगंधाचा नमस्कार त्यानं थांबून घेतला.

पहिली पिशवी टांगली तेव्हा कोंडाजी शुद्धीत होते. पांढऱ्या पिशवीकडं बघत म्हणाले, "लातूरकर, ह्ये दूध कंच्या डेअरीचं?"

"दूध नाही काका. जेवण आहे."

"जेवान?" रंभानं पिशवीला बोट लावायचं धाडस केलं नाही. "ह्यात भाकर किती असंल?"

धनेशनं लेबल वाचून मनात आकडेमोड केली. "सगळं धरून वीसेक भाकरींची ताकद असेल काकू."

"वीस!" कोंडाजी हसले आणि टाके दुखले म्हणून कळवळले. "आन् इतकं खाऊन भूक हाय तशीच. असलं जेवान असतं व्हय?"

भूक खरंच जायची नाही. बाजूच्या बेडवर डबा उघडला की ते तोंड फिरवून घेत. रंभा बाहेर व्हरांड्यात जाऊन जेवायची, हात धुवायची, पदराचा वास घेऊन बघायची आणि मग आत यायची.

पण पिशवी काम करत होती. गाल भरले. जखम कडेनं लाल, ओली दिसायला लागली, ती चांगली खूण होती. विजयश्रीबाईंनी चमच्यानं भाताची पेज सुरू केली. दुसऱ्या ऑपरेशनची तारीख बोलण्यात यायला लागली. धनेश रोज कामाला जाण्याआधी वॉर्डात डोकावायचा. "आज डेअरीचा टँकर आला का?" कोंडाजी विचारायचे. "आला काका." मग तो वर जायचा.

अशा एका सकाळी शेखरचा फोन आला.

"भाऊ, पुढचा माल नाही."

"नाही म्हणजे? उद्या येईल का?"

"चरबीचा कच्चा माल बाहेरून येतो, तो अडकलाय. सगळीकडे टंचाई आहे. कधी येईल ते कंपनीवालेच सांगत नाहीत."

धनेशनं बाइक काढली आणि तो थेट भोसरीला गेला. गोदामाच्या दारात टेम्पो लागला होता आणि त्यात ओळखीची खोकी चढत होती. खोक्यांवर दुसऱ्या नावांचे कागद होते.

"शेखर, ह्या काय दिसतायत मग?"

"त्या गेल्या समजा, भाऊ."

"तीन वर्षांत मी तुझं एकदाही पेमेंट लांबवलं नाही."

"नाही लांबवलंत. पण दरवर्षी मला एक पायरी खाली उतरवलंत. मी म्हणालो होतो, परवडत नाही. तुम्ही हसलात. म्हणालात, सगळे असंच म्हणतात आणि मग देतात."

"दिलास ना तू."

"दिला. कारण माल पडून होता. आता पडून नाही." शेखर चिडलेला दिसत नव्हता, कंटाळलेला दिसत होता. "पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांना रोज बॅगा लागतात. ती छापील किमतीच्या जवळपास घेतात, वर महिन्याचा साठा स्वतःच्या पैशानं उचलतात. वरून वाटप ठरून आलंय, आधी कुणाला, मग कुणाला. तुमचं नाव आहे भाऊ त्यात. खाली आहे."

"मी छापील किंमत देतो. आत्ता देतो."

"आता सगळेच देतायत."

"माझा माणूस आहे रे आत. ज्यांच्या घरात मी राहिलो तो माणूस."

शेखरनं टेम्पोकडं पाहिलं, मग आत जाऊन दोन खोकी आणून त्याच्या हातात ठेवली. "ही कशी दिली ते मला विचारू नका. याच्यापुढं मला फोनही करू नका, माझी नोकरी जाईल."

खोकी टाकीवर बांधून धनेश निघाला. सिग्नलला थांबला असताना, इतक्या वर्षांनी, मालोजीशेठचं म्हणणं त्याच्या ध्यानात आलं. ब्रॅकेट एकाच गाडीला बसत होता, म्हणून शेठना जायला जागा नव्हती. पिशवी कुणाच्याही शिरेला बसते. शेखरला कुठंही जाता येत होतं. गाडीवाल्या कंपनीतल्या त्या माणसाचं गोड बोलणं, तो चहा, ती मुलांची चौकशी धनेशनं जशीच्या तशी उचलली होती. त्या माणसामागं जी भली मोठी कंपनी उभी होती, ती तेवढी त्याच्यामागं नव्हती.

खोकी संपेपर्यंत त्यानं चिंचवड, पिंपरी, निगडी, पुणं, सगळीकडं फोन लावले. एका हॉस्पिटलनं एक पिशवी उसनी दिली. बाकीचे म्हणाले, आमच्याच पेशंटला पुरत नाही. मग तो खाली मेडिकलमध्ये निशिगंधासमोर जाऊन उभा राहिला.

"बनवता येईल का?"

"कुठं?" ती म्हणाली.

विम्याच्या काउंटरवर त्या वेळी नेहमीसारखी रांग होती.

तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद दिसला नाही. ती म्हणाली, "खोली असती तरी चरबी माझ्याकडेही नसती, सर. बाकीचं असतं. बाकीचं तरी नीट मोजून, एका पिशवीत देता आलं असतं. आता अमिनो ॲसिडची बाटली वेगळी, ग्लुकोज वेगळं, असं लावू. पुरणार नाही. पण उपाशी नाही ठेवत." ती वर जाऊन विजयश्रीबाईंशी बोलली आणि रोजच्या बाटल्यांचं प्रमाण लिहून देऊ लागली. नळी पूर्वीपेक्षा जास्त वेळा उघडावी लागायची, कारण एका पिशवीच्या जागी आता तीन बाटल्या होत्या.

स्टँडवरचं पाण्यासारखं स्वच्छ द्रव कोंडाजींनी पहिल्याच दिवशी ओळखलं.

"लातूरकर, डेअरी बंद पडली का रं?"

"दोन दिवस काका. रस्त्यात आहे माल."

"चाकणच्या चौकात आडाकला असंल. मी बस घिऊन जाऊ का आनाया?"

रंभा हसली. धनेशलाही हसावं लागलं.

गाल पुन्हा बसले. जखमेची कड फिकट झाली आणि एका बाजूनं उकलली. दुसऱ्या ऑपरेशनची तारीख पुढं गेली, मग तिच्याविषयी बोलणंच थांबलं. त्यानंतर थंडी वाजून ताप आला. नळीतून जंतू रक्तात गेले होते. नळी काढली, दुसरी घातली, मोठी अँटिबायोटिक्स सुरू झाली. कोंडाजी बोलायचे कमी झाले. एकदा धनेश डोकावला तेव्हा त्यांनी डोळे उघडून त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि नाव आठवत नसल्यासारखं विचारलं, "कुनीकडचा रं तू?"

"लातूरचा, काका."

"लांबून आलास," ते म्हणाले.

दोन दिवसांनी, दुपारी, ते गेले.

धनेशनं विजयश्रीबाईंना त्यांच्या खोलीत गाठलं. "मॅडम, बॅगा बंद पडल्या म्हणून झालं का?"

त्या हात पुसत होत्या. "नळीचा ताप बॅगा चालू असतानाही येतो. वीस जणांत एक-दोघांना येतोच."

"पण नळी जास्त वेळा उघडावी लागली. अंगात ताकद असती तर…"

"असती तर कदाचित निभावलं असतं. कदाचित नसतंही. धनेश, मला खरंच सांगता येत नाही, आणि उगाच काहीतरी सांगून मी तुम्हाला मोकळं करणार नाही."

दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर महाळुंग्याची बरीच माणसं आली होती. जुने भाडेकरूही होते. विधी उरकल्यावर धनेश रंभापाशी जाऊन बसला. त्यानं ठरवून आणलं होतं, सगळं सांगायचं. खोली बंद केली ते, भाव पाडला ते, साठा ठेवू दिला नाही ते. तो सांगत गेला आणि रंभा ऐकत राहिली.

"दुकानदारानं माल दिला न्हाई, त्यात तुजा काय दोस?" ती शेवटी म्हणाली.

"काकू, त्यानं दिला नाही तो माझ्यामुळंच."

"तू सस्त्यात घेतलंस म्हनून आमाला येवढे दिस परवडलं. न्हाईतर पैल्या म्हयन्यातच घरी आनलं असतं." तिनं पदर डोळ्याला लावला. "तू व्हतास म्हनून तिकडं न्हेलं. आपला मानूस व्हता म्हनून निदान कुनीतरी रोज इचारत तरी व्हतं."

पुण्याकडं निघालेली गाडी आकुर्डीकडं वळवली, हे तिनं बोलून दाखवलं नाही. तिच्या मनात ते आलं होतं की नाही, धनेशला कळलं नाही, आणि विचारायची त्याची छाती झाली नाही. घरी आल्यावर तो वर्षालीला म्हणाला, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." वर्षालीनं त्याच्यापुढं ताट ठेवलं. त्यानं ते सरकवलं, मग पुन्हा ओढून घेतलं आणि खाली मान घालून जेवला.

हॉस्पिटलच्या पुढच्या बैठकीत कुणीही त्याला बोल लावला नाही. टंचाई देशभर होती, असं मोठे डॉक्टर म्हणाले. पिशव्यांचा महिन्याचा साठा ठेवायचा ठराव झाला, वाढीव भावाला मंजुरी मिळाली आणि ती वाढ रूमच्या भाड्यात थोडी थोडी जिरवायचं ठरलं. मिक्सिंग रूम परत सुरू करायचा विषय निशिगंधानं काढला. "आकडे घेऊन या, बघू," असं तिला सांगण्यात आलं. आकडे काढून द्यायचं काम धनेशकडं आलं. तो रोज फाइल उघडतो. खोलीचा खर्च किती पिशव्यांवर वाटायचा, त्या चौकटीपाशी येऊन थांबतो. पुढच्या वर्षी किती जणांची आतडी जाणार आहेत, ते त्यात लिहावं लागतं.

टंचाई ओसरल्यावर शेखर नव्या वर्षाचे भाव घेऊन आला. दबकतच बसला. धनेशनं चहा मागवला. शेखर टक्क्यांची वाट बघत राहिला. धनेशनं कागद वाचला आणि खाली सही केली.

"काही कमी नको, भाऊ?"

"नको."

शेखरनं कागद बॅगेत घातला, पण उठला नाही. "तुमचा पेशंट… कळलं मला."

"हं." धनेशनं चहाचा कप उगाच फिरवला. "शेखर, एक विचारू? त्या दिवशी टेम्पोत जी खोकी चढत होती, ती कुणाला गेली?"

"हॉस्पिटलचं नाव सांगता येणार नाही मला."

"हॉस्पिटलचं नको. माणूस कोण होता?"

"आम्हाला पेशंट कुठं कळतो, भाऊ? आम्ही खोकी टाकतो." मग त्यानं थोडं आठवून पाहिलं. "तिथला स्टोअरवाला घाई करत होता एवढं खरं. एक बाई होती म्हणे. बाळंतपणात काहीतरी बिघडून आतडं गेलेली. तरुण होती. बाळ घरी, आणि ही तिकडं."

"मग?"

"मग काय?"

"तिचं पुढं काय झालं?"

"ते मी कसं सांगणार?" शेखर उठला. दारात थांबून म्हणाला, "तुम्हाला कशाला पाहिजे ते आता?"

त्यानंतर शेखर दर महिन्याला येतो, साठा मोजतो, सही घेतो. दर वेळी धनेश त्याला तेच विचारतो, आणि आता शेखर ऐकून न ऐकल्यासारखं करतो. ती घरी गेली का? तोंडानं जेवायला लागली का?